सुतळीचं दुसरं टोक

मकबूलभाई, तुमच्या मयतीला आलेली माणसं मी मोजायला लागलो होतो. वाईट हेतू नव्हता, सवय. पस्तीस वर्षं बातमीदारी केली. जिथे गर्दी दिसली तिथे आधी डोळ्यांनी अंदाज घेतला. कबरस्तानच्या वळणावर मोजणं सोडून दिलं. माझ्या वडिलांच्या वेळी होती त्यापेक्षा ही माणसं जास्त आहेत, एवढं तोवर कळलं होतं. पुढचा आकडा मला नको होता.

तुमची बातमीही मीच दिली. पाच ओळी. रेल्वेतून निवृत्त झालेले मुकादम, रेल्वे कामगारांच्या गृहनिर्माण सोसायटीचे अनेक वर्षांचे सचिव, मागे पत्नी आणि दोन विवाहित मुली. सगळं तपासून लिहिलं. छापून आल्यावर कौसामावशीने अंक माझ्या पुढ्यात टाकला. गणपतराव गेटमनची ही विधवा आता नव्वदीला टेकली आहे आणि सोसायटीत तिला कोणी अडवत नाही.

"यात मकबूल कुटं हाये रे?"

"नाव आहे की मावशी, पहिल्याच ओळीत."

"नाव तं लाइटच्या बिलावर बी असतंय."

म्हणून हे दुसरं लिहितोय. पाच ओळींत जे बसलं नाही त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला तुमचा हेवा वाटत आला. घराचा नाही, आपली घरं समोरासमोर आणि एकाच मापाची. तुमच्या माणसांत मिसळण्याचाही नाही, म्हणजे थोडा त्याचाही, पण तो नंतरचा. मूळ हेवा माझ्या वडिलांवरून होता.

वडील, किसन मुकादम. हिंगोली स्टेशनाच्या दोन्ही अंगांचा रूळ राखणं त्यांच्या गँगकडे होतं, तेव्हा लाइन लहान होती, मीटरगेज. तुम्ही डोंगरकड्याहून रोजंदारीवर आलात तेव्हा विशीचे होतात आणि मी शाळेत होतो. रूळ सरळ आहे की नाही हे मुकादम कसा पाहतो ते तुम्हाला सांगायला नको, वाचणाऱ्यांसाठी लिहितो. तो रुळाशेजारी आडवा होतो, गाल लोखंडाला टेकवतो आणि एक डोळा मिटून लांबवर बघतो. केसभर बाक असला तरी दिसतो. मग तो हाताने खूण करतो आणि दहाजण लोखंडी सब्बल लावून रूळ सरकवतात. वडिलांनी ही नजर गँगमधल्या एकालाच दिली. तुमच्या मानेवर हात ठेवून, गाल नेमका कुठे टेकवायचा ते त्यांनी दाखवलं. मी बांधावर उभा राहून पाहत होतो. जवळ जाऊन म्हणालो, मलाही दाखवा.

"तुझा गाल पुस्तकाला टेकू दे," ते म्हणाले. "ह्ये तुझं काम न्हाई."

किसन मुकादमाने मुलाला उन्हातल्या कामातून सोडवलं, असं लोक म्हणतात. खरं आहे. माझ्या मानेवर तो हात कधी आला नाही, हेही खरं आहे.

सोसायटीची रीत बाहेरच्यांना समजावून सांगावी लागते. आपली वार्षिक सभा गल्लीतच भरते. अध्यक्ष बोलण्याआधी हजेरी होते, गँगमध्ये सकाळी व्हायची तशी. ज्यांनी घरं बांधली त्या मूळ सभासदांची नावं एकेक करून पुकारायची. त्यातले बहुतेक आता नाहीत. नाव पुकारलं की त्या घरातलं जे कोणी बसलं असेल ते "हाजर" म्हणतं. घरातलं कोणीच आलेलं नसेल तर समोरच्या घराने म्हणायचं. हजेरी संपली की सचिवाने उठून सोसायटी कशी झाली ते सांगायचं. नव्या सुना, भाडेकरू, लेकरं, सगळ्यांसमोर, तोंडी.

तीसेक वर्षं ते तुम्ही सांगितलंत. सुरुवात नेहमी फलाटावरून. "गणपतराव गेटमन रिटायर झाले. हार घातला, पेढे वाटले, आन् मागूनच क्वार्टर खाली करा म्हणून कागद आला. दुसरा गेटमन सामान घिऊन दारात उभा. मंग ह्या कौसाबाई फलाटावर पेटीवर बसलेल्या. जायचं कुटं?"

इथे मावशी न चुकता म्हणायची, "एक न्हाई, दोन पेट्या व्हत्या."

"दुसरीवर गणपतराव बसले व्हते. मंग ती कशी दिसंल?"

दरवर्षी तेच, आणि दरवर्षी लोक हसायचे.

मग पुढचं. फलाटावरची ती पेटी पाहून गँगने ठरवलं की रिटायर होण्याआधी प्रत्येकाचं घर झालं पाहिजे, आणि एकेकट्याने ते होणार नाही. लाइनच्या कडेची, गोलाईला लागून असलेली पडीक जागा मिळाली. नोंदणीच्या कचेरीत कारकुनाने विचारलं, तुमचा अध्यक्ष कोण. सगळ्यांनी एकमेकांकडे बोट केलं. रुळाखालचे जुने लाकडी स्लीपर लिलावात निघाले तेव्हा मिळून घेतले. त्यांच्या चौकटी आजही प्रत्येक दाराला आहेत आणि उन्हाळ्यात अजून तेलाचा वास सोडतात. जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या, पण जो आधी रिटायर होणार त्याचं घर आधी बांधायचं असा नियम केला. दर रविवारी सगळी गँग त्या एका घरावर. तुम्ही वयाने सर्वांत लहान, म्हणून तुमचं घर सर्वांत शेवटी झालं. हजेरीतही तुमचं नाव शेवटचं.

शेवटी गल्लीची गोष्ट यायची. इथे लोक पुढे सरकून बसायचे.

आपली गल्ली लाइनच्या गोलाईबरोबर वळते. रुळाच्या गोलाईवर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, नाहीतर वेगातली गाडी बाहेर जाईल. आयुष्यभर हेच करत आलेल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी गल्लीत मुरूम टाकला, धुम्मस मारून पक्का केला, आणि बाहेरची बाजू चांगली वीतभर उंच केली. कोणाच्याच लक्षात आलं नाही. समोर गोलाई होती आणि हात आपल्या सवयीने चालले. वर फरशी बसवून झाली. मग बाहेरच्या रांगेत कौसामावशीच्या हातून पाण्याची बादली कलंडली आणि ते पाणी गल्ली आडवी ओलांडून सरळ आमच्या उंबऱ्यात आलं.

"काहो मुकादम," मावशी म्हणाली, "हितून मालगाडी काढायची व्हती का?"

त्या संध्याकाळी सभा बसली. आतल्या रांगेतल्या सभासदांचे आवाज चढले होते. एवढी मोठी चूक केली कोणी, हा एकच प्रश्न होता. वडील मान खाली घालून बसले होते. आणि तुम्ही उठलात.

"चूक माझी. मुकादमांनी बराबर लेव्हल सांगितली व्हती. मीच आदतीनं उचललं."

थोड्या वेळाने वडील म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. पाणी माझ्या दारात येतंय, माझी हरकत न्हाई." विषय तिथे संपला.

पुढे दरवर्षी सांगताना तुम्ही त्यात भर घालत गेलात. "मला फिकीर व्हती, शमीम रुसून माहेराला निघाली, तं त्या स्पीडमदी वळणावर बाहेर फेकली जाऊ न्हाई." आणि शमीमभाभी ओट्यावरून म्हणायच्या, "अजून बी जाईन, मंग कळंल." लोक डोळे पुसत हसायचे. माझी बायकोही. मी हसत नसे, कारण घडलं ते वेगळं होतं आणि ते मला माहीत होतं.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, कॉलेजला सुट्टी होती. मुरुमाची पातळी ठरवायला गल्लीत आडवी सुतळी ताणली होती. एक टोक आतल्या बाजूच्या खुंटीला बांधलेलं. बाहेरच्या बाजूला टोक धरायला माणूस नव्हता, कारण तुम्ही मुरुमाची गाडी आणायला गेला होतात. वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "धर." ते जमिनीवर आडवे झाले, गाल मातीला टेकवला, एक डोळा मिटला. "उचल," म्हणाले. "अजून उचल. बस." मी उचललं. सुतळीच्या रेषेवर गँगने मुरूम भरला. तुम्ही गाडी घेऊन आलात तेव्हा पातळी ठरून गेली होती.

वडिलांनी मला त्यांच्या कामात घेतलं ते आयुष्यात एकदाच. ते काम चुकलं. आणि संध्याकाळच्या सभेत तुम्ही उठून तेही आपल्या नावावर करून घेतलंत. माझ्या हेव्याचं मूळ इतकं साधं आहे, मकबूलभाई. नजर तुम्हाला मिळाली, मुकादमकी पुढे तुम्हाला मिळाली, आणि माझ्या वाट्याची एकुलती एक चूक, तीही तुम्हीच नेलीत.

सोसायटीने स्मरणिका काढली तेव्हा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी कागद जमवले, मोजणीचा नकाशा मिळवला, जिथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे दोन्ही दिल्या. गल्लीबद्दल एकच वाक्य लिहिलं: 'रस्त्याचा उतार चुकीच्या बाजूला ठेवला गेला.' कोणी ठेवला, ते लिहिलं नाही. तुम्ही तुमच्या ओट्यावर बसून, चष्मा लावून, सगळं वाचलंत. मी उभा होतो.

"बराबर हाये समदं, पेपरवाले."

"पण?"

"पण ह्ये वाचून कोणी हासणार न्हाई."

मला ते लागलं. मी म्हणालो, "तुम्ही सांगता ते खोटं आहे. सुतळी माझ्या हातात होती. तुम्ही तेव्हा गल्लीत नव्हतातच."

तुम्ही चष्मा काढलात. काड्या मिटल्यात.

"मंग तवा काहून न्हाई बोललास, दिगू?"

मी ओट्यावरची पानं गोळा करायला लागलो.

"मुकादम खाली बगून राहिले व्हते. मी तुझ्याकडं बगितलं. म्हटलं, पोरगं उठंल. तू बी खाली बगून राहिला. मंग मी उठलो."

यावर मी काय बोललो ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, तुमच्या ओट्याचं पाणी रोज माझ्या दारात येतं, एक नाली काढून घ्या. आणि घरी आलो. त्यानंतर आपण त्या संध्याकाळबद्दल कधी बोललो नाही. नालीबद्दल मात्र भांडत राहिलो. "पाणी तुला सलाम घालाया येतंय," तुम्ही म्हणायचात, "त्याला कसं अडवू?"

भाभी सकाळी ओटा धुवायच्या आणि माझा उंबरा ओला व्हायचा. मी चहा घेताना ते पाणी येताना पाहायचो आणि चिडायचो. तुम्ही गेल्यापासून उंबरा कोरडा आहे. भाभी नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीत आहेत, घराबाहेर येत नाहीत, ओट्यावर झाडू फिरतो तो शेजारणीचा. आता चहा घेताना माझं लक्ष गल्लीकडे जातं. कशाची वाट पाहतोय हे कळलं की मी पेपर उघडतो.

वडिलांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या खाटेशी होतो. त्यांनी दोनदा विचारलं, "मकबूल आला का?" दोन्ही वेळा पाण्याचा पेला माझ्या हातात होता. तुम्ही आलात, त्यांच्या कानाशी वाकून लाइनबद्दल काही बोललात, आणि ते हसले. काय बोललात ते मी विचारलं नाही. आता कोणाला विचारू?

ते गेल्यावर मी नांदेडला नोकरीत होतो. सलग काही वर्षं सभेला आलो नाही. येता आलं असतं. त्या वर्षांत 'किसन मुकादम' असं पुकारलं की समोरचं घर म्हणून तुम्ही "हाजर" म्हणायचात. हे मावशीने सांगितलं. मी तुमचे आभार मानायला हवे होते. पण आभार मानले असते तर गैरहजर कोण होतं ते कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी मनात धरलं ते एवढंच, की हेही तुम्हीच केलंत.

लाइन ब्रॉडगेज झाली तेव्हाची तुमची एक गोष्ट मात्र मी नीट जपून ठेवली आहे. मोठ्या गाडीसाठी गोलाई थोडी सैल केली गेली, रूळ बाजूला सरकले. तुम्ही मला गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेलात, खाली बसलात आणि म्हणालात, "मुकादमाची गोलाई आता लाइनवर न्हाई. हितं हाये फक्त." मग मला म्हणालात, "ये, बग." मी पँट खराब होईल म्हणालो. तुम्ही हसून उठलात. तुमचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला होता. मी तेवढा वाकलो असतो तर तो मानेवर आला असता.

तुम्ही गेल्याला चाळीस दिवस होऊन गेल्यावर यंदाची सभा झाली. खुर्च्या नेहमीसारख्या उतारावर, प्रत्येकीच्या दोन पायांखाली विटांचे तुकडे. सगळ्यांचं ठरलं की स्मरणिका ज्याने लिहिली त्यानेच हजेरी घ्यावी आणि सांगावंही. मी चार पानं लिहून नेली होती.

हजेरी घेतली. आमच्या घराच्या नावाला माझी बायको "हाजर" म्हणाली. शेवटी तुमचं नाव आलं. "शेख मकबूल." कोणी बोललं नाही. भाभी येऊ शकत नव्हत्या, मुली सासरी होत्या. मी कागदावरून वर पाहिलं.

"समोरचं घर कोणाचं हाये?" मावशी म्हणाली. "तुझंच ना?"

"हाजर," मी म्हणालो.

तुम्ही माझ्या वडिलांसाठी ते इतकी वर्षं म्हणत होतात. मला एकदाच म्हणायचं होतं आणि त्याचीही मावशीने आठवण करून द्यावी लागली.

मग वाचायला लागलो. फलाटाचा प्रसंग आला. माझ्या कागदावर 'दोन पेट्या' असंच होतं, तपासून लिहिलेलं. मावशीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला दुरुस्त करायला मी काही ठेवलंच नव्हतं. कोणी हसलं नाही. कारकुनाची गोष्ट, स्लीपरांची गोष्ट, सगळं बरोबर आणि सगळं शांततेत. लेकरं चुळबुळ करायला लागली. मग गल्ली आली. हे वाक्य मी चाळीस वर्षं बाळगलं होतं. मोठ्याने वाचलं: "गल्लीचा उतार माझ्या वडिलांनी, किसन मुकादम यांनी ठरवला. सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मकबूलभाई तिथे नव्हते."

थांबलो. कोणीतरी चहाचे कप पुढे सरकवले.

"ठावं हाये की," मावशी म्हणाली.

"कोणाला?"

"समद्यांना. मुकादमाबिगर त्या गँगमदी कोणी दगूड तरी हालवला व्हता का कवा?"

आजूबाजूला माना हलल्या. ज्यांचा जन्म त्या गल्लीनंतरचा, त्यांच्याही. जी बातमी मी आयुष्यभर दाबून धरली, ती बातमीच नव्हती.

"मग मकबूलभाईंना दरवर्षी तसं का सांगू दिलं?"

"मुकादमाला भर सभेत खाली बघाया लावायचं व्हतं का? मकबूल उठला, चूक त्यानं घेतली. पुढं मुकादम गेला, तरी बी त्यानंच घेतली. जो हाये त्यानं घ्यायची असती. गेलेल्या मानसावर टाकून त्यो काय उत्तर द्याया येतोय?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आता मकबूल बी न्हाई."

मी पुढचं पान उलटायला गेलो.

"त्यो कागद ठिव खिशात," ती म्हणाली. "गल्लीपासनं परत सांग."

मी कागदाची घडी घातली. खिशात ठेवली. समोर तुमचा ओटा होता, दाराला पडदा होता, आणि मला खाली बघायचं नव्हतं.

"चूक माझी," मी म्हणालो. "बाहेरचं टोक माझ्या हातात होतं. वडिलांनी जन्मात पहिल्यांदा मला काम दिलं. म्हणाले, उचल. मी म्हटलं, आपल्याकडून कमी पडायला नको."

लोक हसले, मकबूलभाई. मावशी हसली, लेकरं हसली, तुमच्या पडद्याआडूनही कोणीतरी हसलं. तुमच्या वेळी हसायचे तेवढे नाही. तेवढं मी बरोबर मोजलं.